पेशींना धूर देणाऱ्या मॅडम

लातूरच्या एका डेंटल कॉलेजात मी नोकरीला लागलो, त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. गेटसमोर रशीदभाईंची पानटपरी होती. दुपारच्या सुट्टीत मी तिथं चहा पीत उभा होतो. पन्नाशीच्या एक बाई रस्ता ओलांडून थेट टपरीवर आल्या. सुती साडी, वर पांढरा ॲप्रन, केसांचा घट्ट अंबाडा. आसपासच्या पोरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रशीदभाई, दोन पाकिटं द्या. नेहमीचीच. आणि सादळलेल्या देऊ नका, मागच्या नीट पेटत नव्हत्या."

टपरीभोवती शेवटच्या वर्षाची चार पोरं सिगारेट ओढत होती. बाईंना बघून त्यांनी हात पाठीमागे नेले. पाठीमागून धूर वर येत राहिला. बाईंनी पाकिटं ॲप्रनच्या खिशात टाकली आणि जाता जाता पोरांना म्हणाल्या, "वढा, वढा. पुढं तुमच्याच दाढा लागणार आहेत मला."

मी रशीदभाईंकडे बघितलं. ते गालातल्या गालात हसत होते. "नये हैं क्या डॉक्टरसाब? या कदम मॅडम. स्वतः नाही पीत. वर प्रयोगशाळेत काय ते बारीक जीव पाळलेत, त्यांना पिलवतात."

मंदाकिनी कदम आमच्याकडे जीवरसायनशास्त्र शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे तास चोख घ्यायच्या, पण जीव सगळा पहिल्या मजल्याच्या टोकाला असलेल्या लहानशा प्रयोगशाळेत अडकलेला. काढून टाकलेल्या अक्कलदाढेच्या आत मऊ गर असतो. त्या गरात मूलपेशी असतात, म्हणजे पुढं काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या पेशी. त्यांच्यापासून हाड तयार होऊ शकतं, दाताचा भाग होऊ शकतो, जखम भरायला त्या धावून जातात. शरीराचा झिजलेला, मेलेला भाग अशा पेशींच्या मदतीनं पुन्हा उभा करायचा, ह्यावर जगभर काम चाललंय. त्यातला मॅडमचा प्रश्न खेड्यातल्या बाईनंही विचारावा इतका साधा होता. ज्या माणसाच्या ह्या पेशी, तो सिगारेट ओढणारा असला तर त्या कामाला येतात का?

त्यासाठी त्यांना धूर लागायचा. काचेच्या नळीच्या तोंडाशी सिगारेट पेटवायची, लहान पंपानं धूर ओढायचा आणि पेशी ज्यात वाढतात त्या गुलाबी पाण्यातून तो बुडबुड जाऊ द्यायचा. बघता बघता पाणी मातकट व्हायचं. ते गाळून, पातळ करून पेशींना द्यायचं आणि मग बघत बसायचं.

ही बाई सिगारेटी विकत घेते हे कुणीतरी प्राचार्यांच्या कानावर घातलं. प्राचार्य भिडस्त गृहस्थ. त्यांनी मॅडमना बोलावून घेतलं, चहा मागवला, आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघून विचारलं, "मॅडम, घरी काही ताण वगैरे आहे का?" मॅडमच्या लक्षात येईना. त्या म्हणाल्या, "आहे की. नळाला पाणी न्हाई आठ दिवस झालं." प्राचार्यांनी शेवटी दोन बोटं ओठांशी नेऊन दाखवली. मग मात्र मॅडम खो खो हसल्या. "अहो सर, मी कशाला वढू? पंप वढतो!" तेवढ्यावर न थांबता त्यांनी प्राचार्यांना हाताला धरून वर नेलं आणि त्यांच्याच हातात काडेपेटी देऊन सिगारेट पेटवून घेतली. दुसऱ्या दिवशी काचेच्या चपट्या डबीतल्या पेशी त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या. प्राचार्य स्वतः बाथरूमच्या खिडकीत उभं राहून ओढायचे, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानंतर कितीतरी दिवस ते मॅडमच्या बाजूचा जिना सोडून लांबच्या जिन्यानं जायचे.

मॅडमच्या बोलण्यात दोन तऱ्हांची मराठी होती. वर्गात पुस्तकातली, आणि वर्गाबाहेर पडल्या की त्यांच्या हदगावकडची. रागावल्या किंवा आनंदल्या की दुसरी आपोआप वर यायची. सकाळी पेशी ठेवायच्या उबदार कपाटाचं दार उघडून आतल्या डब्यांना "उठलात का रे?" असं विचारल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. रविवारी, दिवाळीत, नात्यातल्या लग्नाच्या दिवशीही त्या पेशींचं पाणी बदलायला यायच्या. "लेकरं ती. त्यांना काय माहीत आज पाडवा हाय म्हणून?" स्वतःचं लग्न त्यांनी केलं नव्हतं. त्याबद्दल कुणी विचारलं तर "राहून गेलं" एवढंच म्हणायच्या, आणि त्यात काही दुःख ऐकू यायचं नाही.

विद्यार्थ्यांना त्यांचा धाक होता, पण तोंडी परीक्षेत एक गंमत होती. "माहीत नाही मॅडम" असं सरळ म्हणणारा त्यांच्या हातून नापास झाला नाही. "असं असेल मॅडम" म्हणणारे मात्र झाले. आम्हा तरुण मास्तरांनाही तोच न्याय. मी फावल्या वेळात त्यांच्या मदतीला जायला लागलो होतो; एकदा उत्साहानं सांगितलं की आज पेशी जरा जास्त वाढल्यासारख्या वाटताहेत. त्या म्हणाल्या, "दिसल्या का? मग लिहा. वाटल्या का? मग चहा प्या."

दाढा गोळा करायला त्या बर्फाचा डबा घेऊन गावोगाव फिरायच्या. रेणापूरच्या एका दंतवैद्याचा फोन आला की हातातलं काम टाकून एसटी पकडायच्या. एकदा कंडक्टरनं विचारलं, "काय मॅडम, आइस्क्रीम का?" त्या म्हणाल्या, "दाढा हायेत माणसाच्या. बघता?" कंडक्टर तिकीट फाडून पुढं गेला, आणि रेणापूर येईपर्यंत त्या बाकाकडं फिरकला नाही.

एकदा तर मी स्वतः त्यांच्यासोबत होतो. लातुरात वीज गेली ती येईना, कॉलेजचा जनरेटरही बसला. उबदार कपाट थंड होत चाललं. नांदेडच्या एका प्रयोगशाळेत मॅडमच्या मैत्रिणीनं जागा करून दिली, पण तिथपर्यंत पेशी गार होऊ न देता न्यायच्या कशा? मॅडमनी पेशींच्या बाटल्यांची तोंडं घट्ट बंद केली, मऊ फडक्यात गुंडाळल्या, पोटाशी धरल्या आणि वरून शाल घेतली. "माणसाच्या अंगाइतकीच ऊब लागती त्यांना. माणूस हाय की मी." आम्ही नांदेडची एसटी धरली. अहमदपूरला एक म्हातारी चढली आणि शेजारी बसली. शालीकडं बघून म्हणाली, "नातू हाय का बाई?"

मॅडम म्हणाल्या, "हाव."

"किती दिसाचा?"

"तीन आठवड्याचा."

"लई गुणाचा हाय गं माय. रडून न्हाई राहिला."

"रडला तर बरं होईल," मॅडम म्हणाल्या, "निदान जिता हाय ते तरी कळंल." म्हातारीनं माझ्याकडं असं बघितलं की जणू बाप मीच, आणि निष्काळजी बाप. लोह्याला उतरताना तिनं शालीवरूनच त्या गाठोड्याला हात लावून कडाकडा बोटं मोडली. पेशी जगल्या. पुढं त्या वाणाच्या पेशींना मॅडम "नातवंडं" म्हणायला लागल्या.

त्यांचा करारी चेहरा मी पाहिला तो एका उद्घाटनात. एका शहरात मूलपेशींनी गुडघे नवे करून देतो म्हणणारा नवा दवाखाना निघाला होता. ह्या विषयातल्या जाणकार म्हणून मॅडमना मंचावर बसवलं होतं. समोरून एका शिक्षकानं उठून विचारलं, सिगारेट-तंबाखूवाल्यांना हा उपचार चालेल का? दवाखान्याचे डॉक्टर हसून म्हणाले, "सगळ्यांना चालतो." मॅडमनी शेजारचा माइक ओढून घेतला. "माझ्या डबीत न्हाई चालत," त्या म्हणाल्या. "धूर लागलेल्या पेशी हळू वाढतात, हळू सरकतात, त्यांचं हाड नीट होत न्हाई. माणसात किती फरक पडतो ते अजून मला माहीत न्हाई. पण ह्यांना ते माहीत हाय असं दिसतंय, तर त्यांनी दाखवावं." पुढं बोलायला त्यांना बोलावलं नाही. जेवणाच्या वेळी त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती, मी जाऊन बसलो. त्या मन लावून जिलबी खात होत्या. "जिलबी चांगली हाय," म्हणाल्या, "तेवढं खरं बोलाय पाहिजे."

पण मॅडम मला खऱ्या कळल्या त्या त्यांच्या भावामुळं.

गणपतदादा त्यांच्याहून बरेच मोठे. हदगाव तालुक्यात त्यांची शेती, कापूस आणि सोयाबीन. वडील पोरीला सातवीनंतर घरी बसवायला निघाले होते, तेव्हा दादांनी तिची पेटी उचलून नांदेडच्या वसतिगृहात नेऊन ठेवली आणि घरी येऊन "सोडून आलो" एवढंच सांगितलं होतं. उंच, ताठ माणूस, पांढरं धोतर, आणि ओठात सिगारेट. बिडीला हात लावायचे नाहीत. एकदा उपसरपंच झाले तेव्हापासून सिगारेट सुरू झाली. पद पाच वर्षांत गेलं, सिगारेट राहिली.

त्यांचा डावा खुबा दुखायला लागला. वर्षभर त्यांनी तो लचकला म्हणून चोळला. मग मॅडमनी त्यांना लातूरला आणून हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन आतलं हाड मरत चाललं होतं. गोळा अजून खचला नव्हता. डॉक्टर म्हणाले, कमरेच्या हाडातला मगज काढून त्यातल्या पेशी ह्या मेलेल्या भागात सोडता येतील; गोळा खचायच्या आत केलं तर नवं हाड धरण्याची आशा आहे, खात्री नाही. पण आधी सिगारेट बंद. काही महिने बंद राहिली पाहिजे. "नाहीतर मी हात लावणार नाही. तुमच्याच पेशी तुमच्यात घालायच्या, आणि त्या अर्धमेल्या असल्या तर उपयोग काय?"

दादा उठून बाहेर आले आणि पायरीवरच त्यांनी सिगारेट पेटवली. "येवढ्या वर्साची सोबत हाय," म्हणाले. "डॉक्टरची वळख आजची."

त्याच मुक्कामात त्यांची अक्कलदाढ ठणकायला लागली आणि ती मी काढली. दोन दिवस सिगारेट ओढू नका असं बजावलं होतं. ते मॅडमच्या घरी पोचायच्या आत ओढून मोकळे झाले. खड्डा भरेना, आतलं हाड उघडं पडलं, माणूस दुखण्यानं कासावीस झाला. मी रोज औषधाचा बोळा भरायचो. मॅडम शेजारी उभ्या राहायच्या, पण उपदेशाचा एक शब्द त्यांनी काढला नाही. काढलेली दाढ मात्र त्यांनी माझ्याकडून मागून घेतली. "दादा, ही मी ठेवून घेऊ का?" दादा बोळा दाताखाली धरून म्हणाले, "ठेव. राखीची ओवाळणी म्हणून दिली."

त्या दाढेतल्या पेशी वाढायला खूप वेळ लागला. वयाच्या मानानं त्या थोड्या होत्या आणि सावकाश होत्या. मॅडम त्यांच्याकडं बघताना इतर डब्यांशी बोलायच्या तसं बोलायच्या नाहीत. डब्या भरल्या तेव्हा त्यांनी ठरवलेला प्रयोग असा होता. पेशींचा पातळ थर डबीच्या तळावर पसरला की बारीक टोकानं त्यात एक ओरखडा ओढायचा. निरोगी पेशी दोन्ही कडांनी सरकत येतात आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तो ओरखडा भरून काढतात. एका डबीत साधं पाणी, दुसरीत दादांच्याच सिगारेटचा धूर दिलेलं पाणी. दादांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं.

दादा हदगावहून काठी टेकत आले. ज्या सकाळी दाखवायचं होतं त्या सकाळी मॅडम लवकर येऊन दोन्ही डब्या बघून बसल्या होत्या. मी गेलो तर त्यांचा चेहरा उतरलेला. दोन्ही ओरखडे भरले होते. सारखेच. धुराचा काही परिणाम दिसत नव्हता.

आमचे विभागप्रमुख इनामदार सर मॅडमचे जुने स्नेही. त्यांनी मॅडमना बाजूला घेतलं. "मॅडम, मागच्या महिन्याची डबी आहे की फ्रिजमध्ये, फोटोही आहेत. ते दाखवा. त्यांना काय कळणार आहे कुणाची पेशी कुठली? त्यांच्या भल्यासाठीच ना?"

मॅडमनी मान हलवली. "तसं सिगारेट सुटंल सर, पण मग त्यांच्याकडं मला बघता येणार न्हाई."

दादा आत आले. खुर्चीवर बसायला त्यांना बराच वेळ लागला. मॅडमनी सूक्ष्मदर्शक जुळवून दिला. त्यांनी एक डबी बघितली, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. "मंदे, मला तर दोन्ही सारखंच दिसून राहिलं."

"हाव दादा. सारखंच हाय."

"म्हंजे धुरानं काही झालं न्हाई?"

"आज तरी न्हाई दिसलं."

दादा मोठ्यानं हसले. मांडीवर थाप मारून म्हणाले, "बग! माह्या रक्ताला मानवला हाय तो!" आणि त्याच दुपारी निघून गेले. जाताना रशीदभाईंच्या टपरीवर त्यांनी ऐटीत सिगारेट पेटवली आणि वर खिडकीकडं बघून काठी हलवली. मॅडमनीही हात हलवला.

मला वाटलं आता त्या खचतील. त्या हात धुऊन कामाला लागल्या. दोन दिवसांत चूक सापडली. धुराचं पाणी ताजं वापरायचं असतं, शिळं झालं की त्याचा दम जातो. हा नियम त्यांनीच घातलेला. दादा येणार ह्या धांदलीत त्यांनी आदल्या दिवशीचं पाणी वापरलं होतं. मी म्हणालो, मग झालं तर, पुन्हा करू. त्यांनी शिळ्या पाण्याची बाटली बेसिनमध्ये ओतली. मग म्हणाल्या, "डॉक्टर, ह्या वेळी डब्या तुमी लावा. कुठल्या डबीत काय हाय ते मला सांगू नका. मला जे पाहिजे तेच दिसंल. मी बहीण हाय त्यांची."

तसंच केलं. ताज्या धुराचं पाणी करून मी डब्यांवर खुणा केल्या आणि त्या खुणांचा अर्थ स्वतःपाशी ठेवला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा केलं. दरवेळी मॅडम सूक्ष्मदर्शकातून बघून कागदावर टिपत गेल्या, ओरखडा भरला, नाही भरला. शेवटी मी अर्थ सांगितला. साध्या पाण्यातले भरले होते, सावकाश, पण भरले होते. धुरातले उघडेच होते. कडेच्या पेशी आखडून गोळा झाल्या होत्या, काही तळ सोडून तरंगत होत्या. माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं. प्रयोग जमला होता. मॅडमकडं बघितलं आणि मला लाज वाटली. त्या डोळे पुसत होत्या.

आम्ही हदगावला गेलो. मी तसाही नांदेडला घरी निघालोच होतो, माझ्याच गाडीतून गेलो. अंगणात कापसाचा ढीग पडलेला, वहिनी आणि दोन बाया तो निवडत बसलेल्या. दादा बाजेवर पाय लांब करून होते. खुब्याचं दुखणं वाढलं होतं, आता कूस बदलतानाही कण्हत होते. मॅडमनी फोटो त्यांच्या हातात दिले आणि काय चुकलं होतं, पुन्हा कसं केलं, सगळं सांगितलं. स्वतःची चूक काही न झाकता सांगितली.

दादा फोटो लांब धरून, जवळ धरून बघत होते. मग म्हणाले, "हे माहेच?"

"तुमचेच."

"बियाणं घरचंच हाय. पण धुरी लागून गेलं म्हण की." दरवर्षी पेरणीआधी ओल्या पोत्यात सोयाबीनचे दाणे गुंडाळून किती उगवतात ते बघणारा माणूस तो. त्यांना आणखी समजावून सांगावं लागलं नाही. "मंदे, सोडली तर हे पुन्ना उगवतील?"

खोटं बोलायला ह्याहून सोपी जागा नव्हती. मॅडम म्हणाल्या, "काही सुधारतील, दादा. किती, ते मला न्हाई सांगता येत. आणि सोडूनबी खुबा खचू शकतो. पण न सोडता त्या डॉक्टरला हात लावू देण्यात काही अर्थ न्हाई, हे मला दिसलं हाय."

वहिनी कापूस निवडायच्या थांबल्या होत्या. दादा म्हणाले, "मागच्या बारीला तू सारखंच हाय म्हणालीस, तवाच मी भेलो होतो."

"भेलात? तुमी तर हासत गेलात!"

"हासलो. येष्टीत बसल्यावर समजलं. ही पोरगी आपल्याला खोटं सांगणार न्हाई. आता पुढच्या बारीला जे सांगंल ते ऐकावं लागंल." त्यांनी बंडीच्या खिशातून पाकीट काढलं आणि बहिणीपुढं धरलं. "घे. तुह्या लेकरायला पाज."

त्या दिवशीच सिगारेट सुटली असं मी लिहिलं तर मॅडम मला नापास करतील. दादांनी बडीशेप चघळली, वहिनींशी भांडण काढलं, गड्यावर ओरडले, आणि एक दिवस कापसाच्या ढिगामागून धूर येताना वहिनींनी बघितला. मॅडमना फोन गेला. त्या एवढंच म्हणाल्या, "आजपासून पुन्ना मोजा म्हणावं." पुन्हा एकदा तसंच झालं. मॅडम चिडल्या नाहीत, पण त्या दिवसांत त्यांच्या हातून काचेची भांडी फुटायची, जे कधी व्हायचं नाही. गोळा खचायच्या आत माणूस तयार व्हायला हवा होता, आणि दोन्हीपैकी काहीच त्यांच्या हातात नव्हतं. शेवटी दादांची सिगारेट खरंच सुटली. नव्या तपासणीत गोळा अजून शाबूत होता. नांदेडच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया झाली. लातूरचे डॉक्टरच करायला आले होते. त्यांनी मॅडमना विचारलं, मगज काढल्यावर त्यातल्या पेशी बघायला आत येता का? मॅडम म्हणाल्या, "नको." आणि बाहेर बाकावर वहिनींचा हात धरून बसल्या. मूलपेशींवर अर्धं आयुष्य घालवलेली ती बाई मारुतीस्तोत्र पुटपुटताना मी त्या दिवशी ऐकली.

काही महिन्यांनी दादांचं दुखणं कमी झालं. तपासणीत गोळ्यात नवं हाड धरल्याचं दिसलं. कॉलेजात पेढे वाटायचं आम्ही ठरवलं, तर मॅडमच आडव्या आल्या. "पेढे वाटा. पण सिगारेट सोडल्यामुळं झालं, नाहीतर पेशींमुळं झालं, असं काही म्हणू नका. एका माणसावरून सांगता येत न्हाई."

इनामदार सर वैतागून म्हणाले, "अहो, पण तुमचा भाऊ चालायला लागला ना!"

"हाव," त्या म्हणाल्या, आणि त्यांचं तोंड आनंदानं असं फुललं की त्यांना ते झाकता येईना. "ते मात्र दिसलं हाय. लिहा."

मॅडम निवृत्त होऊन हदगावला भावाकडं राहायला गेल्या. प्रयोगशाळा आता दुसऱ्या बाई बघतात, चांगलं बघतात. गेल्या हिवाळ्यात किनवटकडच्या आश्रमशाळेत दातांच्या तपासणीचं शिबिर होतं, परतताना मी त्यांच्या गावात वळलो. दादा म्हणाले, शेतात हुरडा हाय, चला. चौघेही गेलो. आगटीभोवती बसून ज्वारीची कोवळी कणसं भाजली, वहिनींनी शेंगदाण्याची चटणी आणली होती. दादांनी गावच्या राजकारणावर तासभर बोलून माझं डोकं उठवलं. खुब्याचं विचारलं तर म्हणाले, "थंडीत कुरकुरतो. डॉक्टर म्हणतो पुढं कधी बदलावाबी लागंल. बघू. तवर चालून घेतो."

उन्हं कलली तशी मी निघालो. गाडी बांधाच्या टोकाला रस्त्यावर उभी होती. दादांना पलीकडच्या तुरीचं पाणी बंद करायचं होतं, ते काठी न घेताच बांधावरून चालू लागले. डाव्या पायात थोडी लचक होती. मॅडम त्यांच्या मागून निघाल्या. ह्या बाईंना मी कधी कुणाच्या मागं चाललेलं बघितलं नव्हतं. कॉलेजात आम्ही सगळे त्यांच्या मागून पळायचो. आता त्यांनी आपली चाल दादांच्या चालीला लावली होती. ते थांबले की थांबायच्या, निघाले की निघायच्या. बांध जिथं अरुंद झाला तिथं त्यांचा हात दादांच्या कोपराशी गेला, शिवला नाही, तसाच हवेत राहिला. दादांना ते माहीतही नव्हतं. ते पुढं बघून मोठ्यानं काहीतरी सांगत होते, आणि त्या मागून "हाव, हाव" म्हणत चालल्या होत्या.